अनुभव धागा: मध्यरात्रीची तऱ्हेवाईक स्किट्स

रात्री उशिरा टीव्हीवर लागणारी ती विचित्र, स्वप्नासारखी स्किट्स ज्यांनी पाहिलीत, त्यांच्यासाठी हा धागा. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूचं 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' ५ ऑक्टोबर १९६९ ला, रविवारी रात्री उशिरा बीबीसीवर सुरू झालं. स्किटला पंचलाइन हवीच, हा नियम त्यांनी मोडला. एखादं स्किट रंगात आलेलं असतानाच त्यांच्यातलाच ग्रॅहम चॅपमन लष्करी वेशात येतो आणि 'फारच वेडगळ चाललंय' म्हणून ते बंद पाडतो! ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून मला हा प्रकार जिवलग वाटतो. तुम्ही काय पाहिलंत, कोणासोबत, पुढे काय झालं ते लिहा. नुसती नावांची यादी नको.

*

ब्रिटिश विनोदवीर स्पाइक मिलिगनला विसरू नका. त्याचा 'क्यू ५' हा कार्यक्रम पायथनच्या आधी, त्याच वर्षी आला. शेवट सुचला नाही की सगळे नट 'आता काय करायचं?' म्हणत कॅमेऱ्याकडे सरकत येतात. संपलं स्किट.

*

माझे वडील आयुष्यभर सरकारी नोकरीत होते. पायथनचं 'सिली वॉक्स' म्हणजे वेडगळ चालींच्या मंत्रालयाचं १९७० चं स्किट मी त्यांना मुद्दाम दाखवलं. जॉन क्लीझ बोलर हॅट घालून तंगड्या फेकत ऑफिसात शिरतो, त्याला मी हसत होतो. बाबा शांत. मग अर्जदार येतो, त्याला स्वतःची चाल विकसित करायला अनुदान हवं असतं. तो चालून दाखवतो आणि साहेब गंभीरपणे सांगतात, ही काही फारशी वेडगळ नाही. तिथे बाबा जे हसत सुटले ते खोकला येईपर्यंत. "अर्ज अगदी अस्साच तपासतात!" त्यानंतर रात्री उशिरापर्यंत ते ऑफिसातल्या गोष्टी सांगत बसले. त्यातली एकही मी आधी ऐकली नव्हती. वडील इतकं बोलू शकतात हे मला त्या रात्री कळलं.

*

मी व्हिडिओ संकलन करते, म्हणून हे सांगावंसं वाटतं. १९७५ साली अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने पायथनचे तीन भाग जोडून रात्री दाखवले, पण ९० मिनिटांतली २४ कापून. पायथन मंडळी कोर्टात गेली आणि १९७६ मध्ये अपील कोर्टाने त्यांची बाजू उचलून धरली. वरवर विस्कळीत वाटणारी ही स्किट्स आतून घट्ट विणलेली असतात. पहिल्या स्किटमधला माणूस चौथ्यात डोकावतो, तो धागा कापला की पुढचं सगळं निरर्थक होतं. मी स्वतः सरावासाठी एक भाग छोटा करायला घेतला होता. कुठेच कात्री लागेना.

*

'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी विनोदी कार्यक्रमाचा पहिलाच भाग, ११ ऑक्टोबर १९७५. विनोदी कलाकार अँडी कॉफमन रेकॉर्ड प्लेअरशेजारी अवघडून उभा. कार्टूनचं गाणं वाजतंय, तो गप्प. फक्त 'मी आलोय वाचवायला' ही ओळ आली की हात उंचावून ओठ हलवतो, पुन्हा गप्प. मी नाटकात काम करते. रंगमंचावर काहीही न करता उभं राहण्याची भीती माझी यातून गेली.

*

माझा अनुभव वेगळा आहे. ख्रिस मॉरिसची ब्रिटिश स्किट-मालिका 'जॅम' (२०००, चॅनल ४) मला सोसली नाही. संथ, गुंगी आणणारं संगीत, मध्ये जाहिरातींची विश्रांतीही नाही, आणि मेलेल्या बाळाला दुरुस्त करायला प्लंबर बोलावणारी आई. आमच्या घरात तेव्हा नुकतंच एक मूल गेलं होतं. मी टीव्ही बंद केला. तरी एक सांगते, दुःखात माणूस किती असंबद्ध आशा धरतो हे त्या स्किटला नेमकं कळलं होतं.

*

रात्रपाळी करणाऱ्यांनी 'टू मेनी कुक्स' (अ‍ॅडल्ट स्विम ही अमेरिकी वाहिनी, २०१४) जरूर पाहावं. पहाटे चारला, जाहिरातपटांच्या वेळेत लावलं होतं. अकरा मिनिटं नुसती मालिकेची श्रेयनामावली, ती संपतच नाही, आणि त्यात एक खुनी शिरतो. दिवसा पाहिलं तर निम्मी मजा जाते, कारण डोळे जड झालेले असताना 'हे खरंच लागलंय का?' ही शंका यायला हवी. मित्रांना आधी काही सांगू नका, सरळ लावून द्या.