अपघाताची चाचणी आणि घातपाताची चाचणी
‘अणुभट्टीतले वापरलेले किरणोत्सारी इंधन वाहून नेण्याचे पात्र नऊ मीटरवरून आपटून आणि अर्धा तास ८०० अंशांच्या आगीत ठेवून तपासलेले असते, मग घातपाताची चिंता कशाला,’ हा मुद्दा मला अर्धाच पटतो. चाचण्या कडक आहेत यात वाद नाही. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये ताशी १०० मैल वेगातील रेल्वे इंजिन अशा पात्रावर धडकवले, तरी पात्र फुटले नाही. पण या चाचण्या अपघातासाठी आहेत, आणि अपघात जागा व वेळ निवडत नाही; घातपात करणारा निवडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या समितीनेही २००६ च्या अहवालात घातपाताची माहिती गोपनीय असल्याने सखोल तपासणी करता आली नाही हे मान्य करून मोठ्या प्रमाणावरील वाहतुकीआधी स्वतंत्र परीक्षण सुचवले होते.

मी नाशिकहून मुंबईला जाताना एकदा कसारा घाटात अवजड ट्रान्सफॉर्मरचा ट्रेलर वळणावर अडकला होता. तासाभरात त्याच्याभोवती मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांची गर्दी जमली आणि शेंगावालाही आला. तो साधा ट्रान्सफॉर्मर होता म्हणून ठीक. भारतात उच्च पातळीचा, म्हणजे तीव्र किरणोत्सारी, कचरा काचेत गोठवण्याचे काम तारापूर, ट्रॉम्बे, कल्पाक्कम येथे वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या केंद्रांजवळच होते, त्यामुळे इथे खरा प्रश्न अणुभट्टीतून त्या केंद्रांपर्यंत जाणाऱ्या वापरलेल्या इंधनाचा आहे.