असाइनमेंटचं लॉजिक तिघींनी मिळून बसवलं, तर ती कॉपी होते का?

कॉलेजरोड_एसई:
आम्ही तिघी नाशिकला कॉलेज रोडवर एकाच रूमवर राहतो, सेकंड इयर कॉम्प्युटर. लिंक्ड लिस्ट (कड्यांसारखी एकाला पुढची जोडलेली यादी) उलटी करायचा प्रोग्राम मंगळवारी तपासून घ्यायचाय. मॅडम म्हणाल्या, "चर्चा करा, पण प्रोग्राम ज्याचा त्याने लिहा." लॉजिक आम्ही वहीवर आकृती काढून एकत्रच बसवलं, म्हणजे कोड सारखाच येणार. एक मैत्रीण म्हणते व्हेरिएबलची नावं बदलू, शिवाय यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमात १० टक्क्यांपर्यंत सारखेपणा चालतो. मला पटत नाहीये. तिला काय सांगू?

पंचवटी_बीई:
नावं बदलून काही लपत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचं 'मॉस' हे सॉफ्टवेअर १९९४ पासून कोडची कॉपी पकडायचंच काम करतं, ते नावं नाही, कोडची रचना जुळवून बघतं.

इंदिरानगर_शिक्षिका:
मी इथेच प्रोग्रामिंग शिकवते. आधी ते १० टक्के. यूजीसीचे २०१८ चे नियम पदव्युत्तर प्रबंध, संशोधन यांच्यासाठी आहेत. असाइनमेंट, टर्म पेपर, उत्तरपत्रिका त्यातून वगळल्या आहेत. तुमच्यासाठी मॅडम म्हणाल्या तोच नियम.

एकत्र लॉजिक बसवलंत ते उत्तमच केलंत. एवढासा प्रोग्राम सारखा येणारच. तीन पॉइंटर (पत्ता धरून ठेवणारे व्हेरिएबल), एक लूप, वेगळं काय लिहिणार? मी तपासताना सारखेपणापेक्षा चुका बघते. दोन फाइलींत एकाच जागी तीच चूक, तेच कुठेही न वापरलेलं व्हेरिएबल दिसलं, की मी दोघांना बोलावून घेते.

आकृतीवर हवं तेवढं भांडा. मग वही मिटा आणि वेगवेगळ्या बसून लिहा. पुढच्या नोडचा, म्हणजे लिस्टमधल्या पुढच्या कडीचा, पत्ता आधी जपून ठेवला नाही तर उरलेली लिस्ट हातची जाते, हे स्वतः अडकल्याशिवाय डोक्यात बसत नाही. आणि प्रोग्रामच्या वर कमेंटमध्ये सरळ लिहा, लॉजिकची चर्चा कोणाबरोबर केली ते. मार्क जातील म्हणून मुलं घाबरतात. मी तरी असं लिहिणाऱ्याचे मार्क कधीच कापलेले नाहीत. ओरल परीक्षेला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, "ही ओळ काढली तर काय होईल?" विचारतात, तिथे मैत्रिणीचा कोड उपयोगाचा नसतो.

कॉलेजरोड_एसई:
खूप धन्यवाद मॅडम! अजून एक. सिडकोतली आमची मैत्रीण तापाने आडवी आहे, व्हॉट्सॲपवर कोड मागतेय. नाही म्हणायला जड जातंय.

इंदिरानगर_शिक्षिका:
कोड नको पाठवूस. देणाऱ्यालाही तेवढंच धरतात. तिला मॅडमकडे मुदत मागायला सांग, आजारी मुलीला सहसा मिळते. आणि बरं वाटलं की फोनवर तासभर समजावून दे. त्याला कोणीच कॉपी म्हणणार नाही.