पिनदुओदुओ या चिनी खरेदी अॅपच्या कॉलिन हुआंगसारखी संत्री आपल्याले विकता येतीन का?

संत्राबाग९५ (वरूड) विचारते:

नमस्कार मंडळी. आमची चार एकर संत्रा, बाकी कापूस अन् तूर. यंदाचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाचं फळ, झाडावरच व्यापाऱ्याले दिला. इसार घेतला तेव्हा भाव बरा होता, तोडणीच्या वेळी "फळ बारीक आहे, बांगलादेशात माल जात नाई" म्हणत त्यानं पाडला. बाबा म्हणते, बाग उचलली हेच खूप समज.

परवा रात्री मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. कॉलिन हुआंग नावाच्या चिनी माणसानं २०१५ मध्ये फळं विकायले सुरुवात केली, लोकाईचे गट करून, अन् आता तो जगातल्या मोठ्या श्रीमंताईत आहे. हे कितपत खरं? माझी बहीण पुण्याले हिंजवडीत राहते, तिच्या सोसायटीत तीनशे घरं आहेत. तिथं गट करून थेट संत्री द्यायचा विचार आहे. कोणी असं केलं असन तर सांगा. बाबाले पटवा लागते.

जय_जवान_अकोला:

चिनी माणसाचं कौतुक कायले? २०२० मध्ये त्याईचे अॅप बंद केले ते विसरले का? आपल्या देशात उद्योजक नाई काय?

मोर्शीचा_परत्या:

अकोलेकर भाऊ, रागावू नका, पण हे तुम्ही कोणत्या फोनवर लिहिलं? ओप्पो अन् विवो ज्या घराण्यातून निघाले ते बीबीके दुआन योंगपिंगनं उभं केलं, अन् हाच दुआन या हुआंगचा गुरू. कौतुक नका करू, माहिती घ्याले काय जाते?

आता वरूडच्या भाऊसाठी. जरा लांबन.

हुआंगचा जन्म १९८०, हांगझोऊ शहर. मायबाप कारखान्यात कामाले होते, कास्तकार नाई. व्हिडिओत 'शेतकऱ्याचं पोरगं' म्हटलं असन तर ते सोडून दे. गणितात पोरगा तेज. झेजियांग विद्यापीठ, मंग अमेरिकेत विस्कॉन्सिनले कम्प्युटरची मास्टर डिग्री, अन् २००४ मध्ये गूगल. २००६ मध्ये गूगलचं चीनमधलं काम उभं कराले परत आला. तिथं सर्चमध्ये चिनी अक्षराचा रंग अन् आकार बदलायचा, तर मालकाईची मंजुरी घ्याले कॅलिफोर्नियाले जा लागलं. हे वाचलं तेव्हा मी पुण्यात ऑफिसात बसून एकटाच हसलो होतो, काऊन की एका बटणाच्या रंगासाठी मीही महिनाभर मीटिंगा केल्या आहेत. त्यानं २००७ मध्ये नोकरी सोडली. मी २०२० मध्ये, लॉकडाऊननं घरी आणलं म्हणून. त्याच्याजवळ गूगलचे शेअर होते, माझ्याजवळ पीएफ. हा फरक बाबाले सांगशीन.

गुरूचं पाह्य. २००६ मध्ये दुआननं वॉरन बफे या अमेरिकी गुंतवणूकदारासोबत जेवायचा मान लिलावात ६ लाख २० हजार डॉलरले घेतला अन् या पोराले संग नेलं. आपल्याले गुरू म्हणून सोयरे भेटते, ते फवारणी सांगते.

नोकरीनंतर त्यानं इलेक्ट्रॉनिक्स ऑनलाइन विकायची कंपनी काढली, २०१० मध्ये विकून टाकली. मंग मोबाइल गेमची कंपनी. २०१३ मध्ये कानाचं दुखणं लागलं, घरी बसून राहिला. तिथं विचार केला म्हणते, की दुकानदारी अन् खेळ एकत्र केला तर?

२०१५ मध्ये त्यानं पिनहाओहुओ काढलं. फळं. एकट्यानं घेतलं तर एक भाव, वीचॅटवर (चीनचं व्हॉट्सअॅप समज) लिंक टाकून सोबती जमवले तर कमी भाव. म्हणजे गिऱ्हाईकच गिऱ्हाईक आणते, जाहिरातीचा पैसा वाचते. फळ कंपनी स्वतः घ्यायची, स्वतःच्या गोदामात भरायची. अन् तिथंच फसले. लिचीच्या ऑर्डरी एवढ्या आल्या की गोदाम तुंबलं, माल तिथंच सडला, लोकाईले पैसे परत करा लागले. मले त्याच्या सगळ्या कहाणीत हाच भाग कामाचा वाटते. फोनवर मागणी जमवणं एका रात्रीत होते, पॅकिंगवाले हात एका रात्रीत होत नाईत.

त्याच वर्षी पिनदुओदुओ काढलं, त्यात माल दुसऱ्याचा, हे फक्त बाजार भरवणार. २०१६ मध्ये दोन्ही एक केले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक शेअरबाजारात, अन् काही दिवसांतच नकली मालावरून सरकारी चौकशी. २०२० सरता सरता ७८ कोटींवर खरेदीदार, अलीबाबाच्या वर. मार्च २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडलं, अन्न अन् जीवशास्त्राचं संशोधन करतो म्हणून. टेमू (त्याच कंपनीचं परदेशातलं खरेदी अॅप) वगैरे नंतरचं, ते तुझ्या कामाचं नाई.

आता माझी गोष्ट. नोव्हेंबर २०२१. मित्राच्या सोसायटीतून ग्रुपवर एका दिवसात ६२ कॅरेटची मागणी आली. मी हवेत. आदल्या रात्री अवकाळी झाली होती, तरी मजूर ठरले म्हणून सकाळी तोडणी केली. फळ ओलं, कॅरेट घासलेले, अन् मजुरानं ओढून तोडलं. आपल्या संत्र्याची साल सैल, ओढलं की देठाजवळ फाटते, बुरशीले दरवाजाच उघडून दिला. त्यात गाडीवाल्यानं कॅरेट बारा तास बंद ताडपत्रीत ठेवले. पुण्यात पोचलं तर १९ कॅरेट फेकले. ग्रुपवर फोटो पडले ते वेगळेच. बायकोनं तो ग्रुप माझ्या फोनवरून महिनाभर म्यूट केला.

दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली. ऑर्डर बुधवारी रात्री बंद. पाच-पाच किलोच्या चाळीस पेट्या भरल्या तरच माल निघन, नाईतर पुढच्या आठवड्यात. गुरुवारी दहिवर उडाल्यावर कातरीनं तोडायचं, देठ ठेवून. रात्रभर सावलीत पसरायचं. शुक्रवारी निवडून पेटी, शुक्रवारी रात्री गाडी, रविवारी सकाळी लोक घरीच असते. भाव मी पाडला नाई. हुआंगनं भाव पाडला, काऊन की त्याच्यामागं गुंतवणूकदार होते. आपल्यामागं सोसायटीचं पीककर्ज.

हे सगळं करून बागेतला चौथा हिस्सा असा जाते. बाकीचा माल अजूनही व्यापाऱ्यालेच. बारीक फळ, डागाचं फळ पुण्याची ताई घेत नाई, ते तोच उचलते. म्हणून त्याच्याशी भांडून मोकळा होऊ नको.

तूरडाळ_ताई (यवतमाळ):

दादा, आमचा बचत गट तूरडाळ विकते, सडायचा प्रश्न नाई. पण एक विचारायचं होतं. एखादी म्हणाली "माझी पेटी खराब निघाली", तर काय करता? आम्ही एकीले पैसे परत केले तर दुसऱ्या आठवड्यात चार जणी तयार.

मोर्शीचा_परत्या:

ताई, हुआंगच्या कंपनीलेही हेच भोवलं, फक्त सोसलं दुसऱ्यानं. पिनदुओदुओनं नियम केला होता की गिऱ्हाईकानं तक्रार केली तर माल परत न मागता पैसे परत. गिऱ्हाईक खुश, विकणारा रडते. २०२४ मध्ये टेमूचे चिडलेले विक्रेते दंड अन् अडकलेल्या पैशावरून त्याईच्या ग्वांगझोऊच्या ऑफिसात जाऊन बसले होते.

मी पैसे परत देत नाई, पुढच्या पेटीत तेवढं फळ जास्त टाकतो. ज्याले खरंच संत्रं पाहिजे तो मान्य करते. ज्याले पैसे पाहिजे तो दुसऱ्या वेळी ऑर्डर देत नाई, बरंच होते. तुमच्या डाळीत मात्र पाकीट उघडायच्या आधी वजनाचा फोटो मागवा.

संत्राबाग९५ (वरूड):

दादा, लय बारीक सांगितलं. बाबाईले वाचून दाखवलं. लिची सडली तिथं त्याईनं मान हलवली, बाकी ऐकलं का नाई माहीत नाई. म्हणाले, मृगाचं, म्हणजे पुढच्या बहाराचं फळ येऊ दे, दोन ओळी तुले देतो, बाकीले हात लावू नको.

एक सांगा, ती कातर कुठून घेतली?

मोर्शीचा_परत्या:

शेंदूरजनाघाटले. कलमाचे चाकू मिळते तिथंच. मजुरापेक्षा दोन जास्त घे, पहिल्याच दिवशी एखादी कोणाच्या तरी घरी जाते.