कुत्र्याचं स्पॉट-ऑन (कातडीवर थेंब टाकायचं पिसवांचं औषध) मांजराला थोडंसं लावलं तर चालतं का?

लपंडाव: मांजर सव्वातीन किलोचं, वय दोन वर्षं. पिसवा झाल्यात म्हणून काल मांजरांचं फिप्रोनिल लावलं. दहा मिनिटांत मान वळवून चाटलं, मग तोंडाला फेस आणि लाळेच्या तारा. तासाभरात थांबलं, नंतर नीट जेवलं. ही विषबाधा का? घरात कुत्र्याची 1 मिलिची ट्यूब पडून आहे (इमिडाक्लोप्रिड 10%, परमेथ्रिन 50%). मेडिकलवाला म्हणतो, औषध तेच, पाव ट्यूब लावा. आणि फिप्रोनिलने जंतही जातात का?

खाटेखालचा: फेस औषधाच्या कडू चवीमुळे आला, विषबाधा नाही. पाणी पाजा, थोडं ओलं खाणं द्या, बास. पण लावण्याची जागा चुकली. दोन खांद्यांच्या मधे नको, त्याहून वर, कवटीच्या तळाशी लावा; तिथे जीभ पोचत नाही. केस बाजूला सारून ट्यूबचं टोक कातडीला टेकवायचं. केसांवर ओतलेलं औषध वायाच जातं. आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नको.

कुत्र्याची ट्यूब मात्र अजिबात नाही. त्यातलं इमिडाक्लोप्रिड मांजराला चालतं, मारतं ते परमेथ्रिन. ते निकामी करून बाहेर टाकणारी यकृतातली यंत्रणा मांजरात तोकडी असते. (पॅरासिटामॉल मांजराला घातक, त्याचंही कारण हेच.) 1 मिलित 500 मिग्रॅ परमेथ्रिन. त्वचेवर किलोमागे 100 मिग्रॅ पडल्यावर मांजरं दगावल्याची नोंद आहे, आणि त्याखाली 'इथपर्यंत चालेल' अशी रेषा नाही. मेडिकलवाल्याचा सल्ला मनावर घेऊ नका.

लपंडाव: आणि चुकून लागलंच तर?

सुईदोरा: आधी कान फडफडतात, कातडी थरथरते, पंजे झटकले जातात, मग अंगभर कंप, झटके, ताप. काही तासांत सुरू होतं, कधी दुसरा दिवसही उजाडतो, म्हणून 'अजून ठीक आहे' वर विसंबू नका. कंप नसेल तर लगेच भांड्यांच्या लिक्विडने कोमट पाण्यात दोनदा धुवा. साधा शाम्पू तेलकट औषध नीट काढत नाही. गरम पाण्याने कातडीतला रक्तप्रवाह वाढून औषध जास्त शोषलं जातं, गार पाण्याने मांजर गारठतं. पुसून कोरडं करा, चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घाला आणि व्हेटकडे निघा. कंप सुरू झाला असेल तर धुवत बसू नका, थेट गाडीत. उलटी करवू नका, दूध पाजू नका.

निघताना फोनवर मेथोकार्बामॉल इंजेक्शन आहे का विचारा. कंपावर मुख्य औषध तेच. झटक्यांवरच्या नुसत्या डायझेपामने बऱ्याचदा भागत नाही. ॲट्रोपिन यावरचा उतारा नाही, ते ऑर्गॅनोफॉस्फेट या वेगळ्या जातीच्या कीटकनाशकांसाठी. रिकामी ट्यूब सोबत न्या.

लपंडाव: पण कुत्रा-मांजर एकाच गादीवर झोपतात, एकमेकांना चाटतात.

खाटेखालचा: मग परमेथ्रिन घरातच नको. कुत्र्याला पिसवा-गोचिडांची गोळी द्या, फ्लुरालेनर किंवा अफॉक्सोलेनर. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर व्हेटला ते आधी सांगायचं.

आता जंतांचं. फिप्रोनिलने एकही जंत जात नाही. सेलामेक्टिन स्पॉट-ऑनने गोल जंत आणि हुकवर्म (आकडीसारखे जंत) जातात, टेपवर्म (पट्टीसारखा चपटा जंत) नाही. शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो टेपवर्म. अंग चाटताना गिळलेल्या पिसवेतून येतो. त्याला प्राझिक्वांटेल लागतं, वजन करून. पिसवा राहिल्या तर काही आठवड्यांत परत होतो, तेव्हा गादीची खोळ गरम पाण्यात धुवा आणि घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच आठवड्यात ज्याचं त्याचं औषध लावा.