मदत हवी आहे: रिपोर्टमध्ये ३१० आलंय, म्हणजे एड्सच ना?

पारिजात: धाकट्या दिराचा रिपोर्ट आज आला. ३१० आहे. तो पॉझिटिव्ह आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, ते परत समजावू नका. ३१० म्हणजे एड्स झाला का, एवढंच सांगा. सासूबाईंनी त्याचं ताट वेगळं केलंय, मुलांना त्याच्या खोलीत जाऊ देत नाहीत. डॉक्टर सोमवारी भेटणार, तोवर थांबवत नाहीये.

स्पष्टवक्ता: ३१० काय? सीडीफोर की व्हायरल लोड? सीडीफोर या संरक्षक पेशी, निरोगी माणसात साधारण ५०० ते १५००, जास्त असतील तितकं बरं. व्हायरल लोड म्हणजे विषाणूच्या प्रती, त्या कमी हव्यात. गोळ्या कधीपासून चालू आहेत?

रानवाट: ताई, घाबरू नका. डास चावल्याने एचआयव्ही पसरत नाही. डासाच्या पोटात तो वाढूच शकत नाही.

पारिजात: डासांचं मी विचारलंच नाहीये! सीडीफोर ३१० लिहिलंय. गोळ्या चालू आहेत.

हिरवाई: गुळवेलीचा काढा सुरू करा. सीडीफोर नक्की वाढतो. मग गोळ्या हळूहळू कमी करता येतात, फार उष्ण असतात त्या.

आरोग्यसखी: हिरवाई, कृपा करून असं लिहू नका. मी स्वतः पॉझिटिव्ह आहे. गोळ्यांनी विषाणू दबतो, पण काही पेशींत लपून राहतोच. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांत काही आठवड्यांत परत वाढतो. अधूनमधून चुकवल्या तर त्याच गोळ्यांना दाद देईनासा होतो. काढा घ्यायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून, आणि गोळ्यांच्या जागी कधीच नाही.

हिरवाई: माझ्या ओळखीत एकाला गुण आला म्हणून सांगितलं. सगळं अ‍ॅलोपॅथीनेच होतं असं नाही.

अभ्यासू: मूळ प्रश्नावर या. सीडीफोर २०० च्या खाली गेला किंवा एड्सच्या यादीतला एखादा आजार झाला, तर एड्स म्हणतात. ३१० म्हणजे एड्स नाही.

स्पष्टवक्ता: आधीचा आकडा कळल्याशिवाय 'नाही' कसं म्हणता? ५०० वरून घसरत ३१० वर येणं वेगळं आणि खालून चढत येणं वेगळं. पारिजात, जुना रिपोर्ट आहे का?

पारिजात: सापडला. गेल्या वर्षी १६० होता. तेव्हाच टीबी निघाला होता, त्यावरूनच एचआयव्ही कळला. नव्या रिपोर्टवर व्हायरल लोडपुढे 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' लिहिलंय.

अभ्यासू: म्हणजे तेव्हा एड्सचा टप्पा होता. एकदा लागलेला तो शिक्का कागदावर राहतो.

आरोग्यसखी: शिक्क्याचं राहू द्या हो! १६० वरून ३१०, आणि विषाणू मोजमापात सापडत नाही, ही चांगली बातमी आहे. उपचार उशिरा सुरू झाले की सीडीफोर सावकाश चढतो. लोड असाच दबलेला राहिला तर लैंगिक संबंधांतूनही लागण होत नाही. ताट, पेला, मिठी यांतून तर ती कधीच होत नव्हती. ताट आजच्या आज एकत्र करा.

स्पष्टवक्ता: आणि टीबी? तो छातीचा होता का? घरातली मुलं किती लहान? तेव्हा त्यांची तपासणी झाली होती का?

पारिजात: छातीचा. कोर्स पूर्ण झालाय. मुलं तीन आणि सहा वर्षांची. त्यांची तपासणी कोणी सांगितलीच नाही.

स्पष्टवक्ता: मग सोमवारचा प्रश्न हा आहे. छातीचा टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो, ताटातून नाही. कोर्स पूर्ण झाला असेल तर आता दिरापासून भीती नाही, त्याच्या खोलीत मुलांना खुशाल जाऊ द्या. पण औषध सुरू होण्याआधी ती त्याच्याजवळ होती. पाच वर्षांखालच्या मुलाला टीबी लवकर आणि जोरात धरतो, म्हणून दोघांनाही दाखवा, धाकट्याला आधी. खोकला, ताप, वजन न वाढणं यातलं काही असेल तर सोमवारपर्यंतही थांबू नका.

पारिजात: धाकट्याचं वजन वाढत नाहीये. उद्याच नेते.

नवखा२२: इथेच विचारतो. चार दिवसांपूर्वी निरोधाशिवाय संबंध आला. आज चाचणी निगेटिव्ह. सुटलो ना?

आरोग्यसखी: नाही, इतक्यात काही कळत नाही. लागण टाळणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू करायच्या असतात, ती वेळ गेली. तरी डॉक्टरांना भेटा, इतर गुप्तरोगांच्याही चाचण्या करा. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी ४५ दिवसांनी करा, बोटातल्या रक्ताची झटपट चाचणी असेल तर ९० दिवसांनी. तोवर निरोध वापरा, रक्तदान करू नका. आणि वेगळा धागा काढा.