फ्लशच्या टाकीतून सतत पाणी वाहते

प्रश्न: ऐरोलीतील आमच्या घरी फ्लशची टाकी भरल्यावरही कमोडमध्ये पाण्याची बारीक धार रात्रभर वाहत राहते, प्लंबर बोलावण्यापूर्वी दोष कसा ओळखावा?

उत्तर: टाकीचे झाकण उघडून पाहावे. पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडातून आत सांडत असेल, तर फ्लोट (पाण्यासोबत वर-खाली होणारा तरंगता भाग) खाली घेऊन पातळी त्या तोंडापेक्षा सुमारे २ सेंटिमीटर खाली ठेवावी. तसे नसेल, तर टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नये. रंग कमोडमध्ये उतरला, तर तळाचे रबरी वॉशर गळत आहे.

दुसरे उत्तर: आमचे वॉशर बोटाला काळे लागण्याइतके मऊ पडले होते. अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करून वॉशर बदलले. जुने वॉशर दुकानात सोबत न्यावे, कारण मापे निरनिराळी असतात (माझी एक फेरी वाया गेली).

प्रश्नकर्ता: रंग उतरला. उद्या वॉशर आणतो, आभारी आहे.