फादरविरुद्धची तक्रार आधी बिशपकडे की थेट पोलिसांत?

धागाकर्ता (वानवडी): ओळखीतल्या एकाने नुकतंच तोंड उघडलं. 2006 साली तो चौदा वर्षांचा, वसतिगृहात राहणारा मुलगा होता. तिथल्या फादरने केलेला लैंगिक अत्याचार त्याने आईवडिलांना कधीच सांगितला नाही. आता बायकोला सांगितलं, मग मला. तो फादर आजही मुलांमध्ये वावरतो. चर्चमधली वडीलधारी मंडळी म्हणतात, आधी बिशपना पत्र द्या, पोलिसांचं नंतर बघू. मला हे अजिबात पटत नाही. पत्र खुशाल द्या, पण ती फिर्याद नव्हे. चर्च फार तर पुरोहितपद काढून घेईल. अटक, जबाब, पंचनामा ही कामं पोलिसांचीच. आणि नुसती बदली झाली, तर नव्या गावातल्या आईबापांना कोण सांगणार?

कॅम्पातली काकू: मी याच्या विरोधात आहे. चर्च पूर्वीचं राहिलेलं नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये नियम केला, अशा प्रकाराची कुणकुण लागली तरी प्रत्येक फादर-सिस्टरने वरिष्ठांना कळवायलाच हवं. त्याच वर्षी डिसेंबरात या खटल्यांवरची गुप्ततेची अटही उठवली. दुसरं म्हणजे, आपण मूठभर लोक. बातमी छापून आली की एका माणसाच्या पापासाठी शाळा, सिस्टर्स, सगळ्यांकडे बोट दाखवलं जाईल. ही भीती उगाच नाही.

धागाकर्ता: काकू, भीती खरी आहे, मी नाकारत नाही. पण तिची किंमत त्या मुलाने का मोजायची? वीस वर्षं तो एकटाच मोजतोय. आणि त्या 2019 च्या नियमांतच म्हटलंय की त्या त्या देशाच्या कायद्याला त्याने बाधा येत नाही.

कोथरूडकर: भावना बाजूला ठेवून बोलतो. वीस वर्षांनी पुरावा कुठून आणणार? वैद्यकीय तपासणी नाही, साक्षीदार नाही. जालंधरचे तेव्हाचे बिशप फ्रँको मुलक्कल यांच्यावर केरळातल्या एका सिस्टरने 2018 मध्ये बलात्काराची तक्रार केली, जानेवारी 2022 मध्ये कोट्टायमच्या कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. उलटतपासणीत तुमच्या मित्राची चिरफाड होईल. त्याने समुपदेशन घ्यावं, शांत जगावं.

हडपसरची आई: मग आसारामचं काय? ज्या महिलेवर 2001 ते 2006 दरम्यान अत्याचार झाले, तिने फिर्याद दिली 2013 मध्ये. गांधीनगरच्या कोर्टाने जानेवारी 2023 मध्ये जन्मठेप सुनावली. वेळ लागला, फार लागला. पण उशीर झाला म्हणून केस संपली नाही.

शिवाजीनगर कोर्टातली वकील: दोघांचंही अर्धं बरोबर. मुदतीची भीती काढून टाका. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला फिर्यादीची मुदत नसते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला, मागच्या घटनांना लावता येत नाही. त्यामुळे 2006 च्या घटनेला जुन्या दंड संहितेचं कलम 377 (अनैसर्गिक संभोग) लागू शकतं. नव्या न्याय संहितेत ते कलमच नाही, पण जुलै 2024 आधीच्या गुन्ह्यांवर जुन्या कायद्यानेच खटला चालतो. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर वरिष्ठांना लेखी द्या, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. वसतिगृह दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी पुण्यात झिरो एफआयआर होतो, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो.

आता काकूंच्या मुद्द्याचं. पॉक्सोच्या कलम 19 नुसार गुन्हा घडल्याचं माहीत असणाऱ्यानेच नाही, तर घडण्याची भीती वाटणाऱ्यानेही पोलिसांना कळवायचं असतं. हा माणूस आजही मुलांमध्ये आहे, तिथे हे कलम महत्त्वाचं. कळवणं टाळलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. बिशपना पत्र दिलं म्हणून ही जबाबदारी टळत नाही. धार्मिक संस्थेच्या माणसाने तिथल्याच मुलावर बलात्कार केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान वीस वर्षं शिक्षा आहे.

येरवड्यातली समुपदेशक: याच सक्तीला माझा विरोध आहे. मुलगी माझ्यासमोर बसते, सांगायला लागते, आणि मला मध्येच म्हणावं लागतं की बाळा, हे मला पोलिसांना कळवावं लागेल. ती तिथेच गप्प होते. पुढच्या वेळी येतही नाही. कायद्याने आम्हाला ऐकायला तरी वेळ द्यावा.

शिवाजीनगर कोर्टातली वकील: हे मी मान्य करते. पण ही सूट समुपदेशकाला असावी, ट्रस्टी आणि मुख्याध्यापकांना नाही. गप्प बसण्यात त्यांचा फायदा असतो.

कॅम्पातली काकू: शाळेच्या नावाची काळजी मला अजूनही आहे. पण तो तिथे मुलांसोबत राहता कामा नये, हे मी पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या मंडळींच्या, बैठकीत उठून बोलेन. पोलिसांत जायचं की नाही, हे त्या मुलाला ठरवू द्या.

धागाकर्ता: त्याच्या गोष्टीचं त्यालाच ठरवू दे, काकू. आजच्या मुलांचं मात्र थांबता येणार नाही, ते मी माझ्या नावाने कळवतोय. वकीलताई, त्याला काय सांगू?

शिवाजीनगर कोर्टातली वकील: आठवेल तसं आधी लिहून काढायला सांगा. कुठली खोली, कुठली इयत्ता, कोणता सण जवळ होता, त्या वेळी कोणाला काही बोलला होता का. बायकोला कधी सांगितलं तेही लिहा, तिची साक्ष उपयोगी पडते. वसतिगृहाची फीची पावती, शाळा सोडल्याचा दाखला, जुनी पत्रं, जे सापडेल ते. आणि त्या फादरला किंवा संस्थेला स्वतः फोन करू नका.

धागाकर्ता: दाखला त्याच्या आईकडे आहे. आईला मात्र अजून काहीच माहीत नाही.